तुमच्या पाठोपाठ फिरलेला खराटा

बाबा,

आज आपल्या अंगणात सकाळपासून केर तसाच पडून आहे, म्हणून तुम्हाला लिहायला सवड मिळाली. एरवी रविवारी मला इतकी कामं असतात की तुमच्यासारख्या माणसाची आठवण काढायला त्यात जागा उरत नाही. बदामाची पानं, कोळंबीची सालं, मांजराने कुठून तरी ओढून आणलेलं माशाचं डोकं, सगळं जिथल्या तिथे आहे आणि त्यावर माशा बसल्या आहेत. आई ओट्यावर बसली आहे. खराटा तिने आपल्या पाठीमागे भिंतीला लावून ठेवलाय, म्हणजे मला तो घ्यायचा तर तिला उठवावं लागेल, आणि तिला उठवण्याची छाती या आळीत कोणाची नाही. असं का, ते पुढे येईलच. तुम्हाला आता कुठली बस पकडायची नाही, तेव्हा नीट बसून ऐका.

मी तलासरीला शाळेत शिकवते. हे तुम्हाला माहीत नाही, कारण माहीत व्हायला माणूस घरात असावा लागतो. गेल्या आठवड्यात भूगोलात मानवी स्थलांतराचा धडा होता, कारणे आणि परिणाम. फळ्याच्या मधोमध रेघ मारायची, डावीकडे कारणं, उजवीकडे परिणाम. दुष्काळ, पूर, लढाई, रोजगार, शिक्षण, लग्न. ज्याने कोणी हे मांडलं त्याने जन्मात कधी स्वतःची वळकटी बांधली नसणार. माझ्या वर्गात दिवाळीनंतर निम्मे बाक रिकामे होतात. आईबाप वीटभट्टीवर जातात, बोटीवर जातात, आणि पोरं त्यांच्यामागे. म्हणजे ज्यांच्यावर हा धडा आहे तीच धड्याला हजर नसतात, आणि उरलेल्यांना मी समजावते की लोक गाव का सोडतात. मी विचारलं, "सांगा, का जातात?" मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "ट्रक येते म्हनून, बाई." मी तेच पहिलं कारण म्हणून फळ्यावर लिहिलं. मग खडू हातात धरून तुम्हाला त्या डाव्या बाजूला कुठे बसवता येतं का, ते उगाच बघत राहिले. तुम्ही कुठेच बसत नव्हतात.

कारण आपल्या झाईत काय नव्हतं? दारात समुद्र होता. तुमची आणि काकांची मिळून एक होडी होती, लहान, पण पाणी न शिरणारी. आई बोंबील सुकवायची, बाजारात नेऊन विकायची. ताटात रोज मासळी असायची आणि कोणापुढे हात पसरायची वेळ कधी आली नव्हती. फक्त होडीचं सुकाणू काकांच्या हातात असायचं, कारण ते थोरले. तुम्ही जाळं ओढायचात. हाच तुमचा दुष्काळ आणि हीच तुमची लढाई. वेरावळला शेठच्या मोठ्या बोटीवर तुम्ही खलाशी म्हणून गेलात आणि काही हंगामांत तांडेल झालात, बोटीचे मुख्य. दहा माणसं "तांडेल, तांडेल" करत मागेपुढे फिरू लागली, आणि तुम्हाला तेवढं पुरलं. मासेमारीच्या बंदीचे महिने आले की तुम्ही घरी यायचात, मे संपता संपता, मनगटावर पिवळंधमक घड्याळ आणि अंगाला अत्तर लावून. आल्या आल्या होडीकडे बघून काकांना विचारायचात, "अजून तरंगतं का रे हे होडकं?" काका हसून सोडून द्यायचे. तुम्ही कोंबड्यांशीसुद्धा गुजरातीत बोलायचात. आईने वाढलेला सुका बोंबील बोटाने बाजूला सारायचात, "तिकडं याला कुत्रं विचारत नाय" म्हणायचात, आणि मग तोच बोंबील दोनदा मागून घ्यायचात. मला तेव्हा तुमचा अभिमान वाटायचा. लहान मुलांना कशाचाही अभिमान वाटतो.

नारळी पौर्णिमा झाली की पुरुष निघायचे. टेम्पोत बसून अच्छाडच्या नाक्यावर, आणि तिथून हायवेवरच्या लक्झरीने सौराष्ट्रात. त्या दिवशी आपल्या आळीत कोणी केर काढत नाही. माणूस लांबच्या वाटेला निघाला की त्याच्या पाठोपाठ झाडायचं नसतं. घरातून तिरडी उठली की मगच मागून झाडतात. म्हणून बायका दिवसभर खराट्याला हात लावत नाहीत, माणूस पोचला असेल असा अंदाज घेतात आणि मगच अंगणात उतरतात. शिकलेली बाई म्हणून मी याला हसायला हवं. हसत नाही. कोणी सुखरूप परत यावं म्हणून आपल्याच दारातली घाण दिवसभर सोसायची, याहून बरी प्रार्थना मला ठाऊक नाही. ज्यांच्यासाठी ती केली जायची त्यांनी मात्र कधी वळून तो केर बघितला नाही. तुम्ही तर मागे वळून न बघण्याचाही रुबाब करायचात.

मी नववीत जाणार होते त्या वर्षी तुम्ही मला घागरा-चोळी आणलीत. तपकिरी कागदाचं पुडकं, वर सुतळी. आत हिरवा घागरा, त्यावर बारीक आरसे, खाली लाल काठ. मी आनंदाने तो कमरेला लावला तर गुडघ्याच्याही वर राहिला. चोळीत माझा एक हातही धड गेला नसता. चार वर्षांच्या मुलीच्या मापाची होती ती. तुम्ही क्षणभर नुसते बघत राहिलात, मग कपाळावर हात मारून हसलात. "बघ, तू एवढी मोठी झालीस ते ध्यानातच नाय रायलं." मी खूप रडले. बाप माझं वय विसरला, एवढंच मला कळलं. आई चुलीपाशी होती. तिने उलथनं खाली ठेवलं, घागरा हातात घेतला, काठ उलटा करून शिवण बघितली, चोळीची बाही दोन बोटांत धरून बघितली. मग घडी घातली आणि आत नेऊन ठेवली.

दुसऱ्या दिवशी तो घागरा वलांडीवर होता, बोंबील सुकवायला किनाऱ्यावर बांबू उभे करून दोऱ्या ताणतात त्या वलांडीवर. पावसाआधीचे शेवटचे बोंबील लटकत होते आणि कावळ्यांनी उच्छाद मांडला होता. आईने सगळ्यात उंच बांबूच्या टोकाला घागरा बांधला. वारा आला की आरसे चमकायचे आणि कावळे लांबूनच परत फिरायचे. सगळी आळी बघायला जमली. शेजारची म्हातारी म्हणाली, "काय गो, नव्याकोऱ्या घागऱ्याची ही दशा?" आई म्हणाली, "आमच्यात कोनाच्या मापाचा नाय. कावल्यांना तरी होते का बघते." तुम्ही ओट्यावर विडी ओढत होता. तुम्ही घागरा बघितलात, आईकडे बघितलंत, आणि त्या दिवसापासून पाऊस लागेपर्यंत वलांडीकडे पाठ करून बसायला लागलात. भर समुद्रात बोट हाकणारा तांडेल एका फडक्याला घाबरला. मला वाटलं, मला रडवल्याची तुम्हाला लाज वाटतेय.

मग पौर्णिमा झाली आणि टेम्पो आला. तुम्ही पिशवी खांद्याला लावलीत, माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि नेहमीसारखे ताठ मानेने निघालात. तुम्ही बदामापर्यंतही पोचला नव्हता तेवढ्यात आईने खराटा उचलला. ओल्या वाळूत तुमच्या चपलांचे ठसे पडत होते आणि ती ते पुसत तुमच्या मागे चालत होती, पार फाटकापर्यंत. म्हातारी किंचाळली, "अगो बाय, काय करतेस? जितं मानूस जाते ना!" आई म्हणाली, "अंगन घान झालंय." आणि मला ओरडून सांगितलं, "आतून पन झाड गो!" तुम्हाला खराट्याचा आवाज ऐकू आला होता. तुमची मान अर्धवट वळलेली मला दारातून दिसली. पूर्ण वळून दोन शब्द बोलला असतात तर भांडण झालं असतं, आदळआपट झाली असती, पण निदान काहीतरी झालं असतं. तुम्ही टेम्पोत चढलात.

पुढच्या मे महिन्यात सगळे आले, तुम्ही आला नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. आळीने निकाल लावून टाकला की हिने नवऱ्याला झाडून काढला. नळावर हेच, बाजारात हेच. लग्नाच्या हळदीत आईला मागे उभं करायचे. नवी सून आळीत आली की तिला आईकडे बोट दाखवून शिकवायचे, बघ, पाठोपाठ झाडलं की असं होतं. आणि तुमच्याच बोटीवरून आलेले ते सगळे मर्द, ज्यांना पक्कं ठाऊक होतं की तुम्ही बंदरामागच्या वस्तीत कोणाच्या घरी जेवता आणि कोणाच्या घरी झोपता, ते मूग गिळून बसले. बायका खराट्याला दोष देतायत ना, देऊ दे. त्यांच्याबद्दल माझं मत तुमच्याबद्दल आहे त्याहून फारसं बरं नाही. आता त्यांतल्या कितीकांनी बोटीच्या पैशाने लाद्यांची घरं बांधलीत, घरांना कुलपं आहेत किंवा आत एकेक म्हातारी टीव्हीपुढे बसलेली आहे. फळ्याच्या उजव्या बाजूला मी हे लिहीत नाही, परीक्षेत येत नाही म्हणून. आईने बाजार केला, मला शिकवलं, काकांच्या होडीतला आपला वाटा सांभाळला आणि रोज सकाळी अंगण झाडलं, गरजेपेक्षा जरा जास्त जोराने. का झाडलंस त्या दिवशी, असं मी कितीदा विचारलं असेल. दर वेळी एकच उत्तर, अंगण घाण झालं होतं.

तुम्ही गेल्याची बातमी तुमच्याच एका खलाशाने आणली. मी तेव्हा नोकरीला लागले होते. कावीळ झाली आणि खाटेवर गेलात म्हणे. वादळ नाही, बोट फुटली नाही, तांडेलाला शोभेल असं काहीच नाही. तेव्हा कुठे त्या माणसाच्या तोंडून निघालं की तिकडे बायको आहे, एक मुलगी आहे, सगळं त्यांनीच केलं. मी हादरले. आई टोपलीत मासळी लावत होती. तिने हात धुतले, मंगळसूत्र काढून डब्यात ठेवलं, बांगड्या उतरवल्या आणि टोपली डोक्यावर घेतली. "बरफ वितलंल," एवढंच म्हणाली आणि बाजाराला गेली. मी तेव्हाही रडले नाही. नववीत जाताना एकदा तुमच्यामुळे रडून झालं होतं.

हे सगळं आज उकरून काढायचं कारण म्हणजे तुमची मुलगी. दुसरी. या महिन्याच्या सुरुवातीला ती आपल्या फाटकाशी येऊन उभी राहिली. उंबरगावच्या एका कारखान्यात बाटल्यांची झाकणं भरायच्या कामाला लागलेली, नवरा ओख्याच्या बोटीवर, आई गेल्या वर्षी वारलेली. झाईतून कारखाना जवळ, म्हणून इथे खोली बघत होती. म्हणजे तुम्ही झाईहून वेरावळला गेलात आणि तुमची लेक वेरावळहून झाईला आली. कसली कारणं आणि कसले परिणाम! ती मराठी बोलत होती, तुमचीच मराठी, मधेमधे गुजराती टाके घातलेली. तिने सांगण्याआधीच मी ओळखलं, कारण तुमचं नाक तिच्या तोंडावर होतं. मी म्हटलं, "खोली नाही." ती म्हणाली, "माहीत हाय, मोटीबेन. खोलीसाठी नाय आले. म्हणजे, खोलीसाठी पण आले." मोटीबेन! थोरली बहीण व्हायचं का, असं मला कोणी विचारलं होतं? मी फाटकाची कडी सोडली नाही. सरळ सांगते, मला ती घरात नको होती. ज्या माणसामुळे आईने एवढी वर्षं आळीची बोलणी खाल्ली, त्याचं नाक घेऊन कोणी परत अंगणात यावं हे मला सोसत नव्हतं, आणि शेजारच्या ओट्यांवरून लोक बघत होते. एवढ्यात आई बाहेर आली. तिने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, पायांशी नजर थांबवली आणि म्हणाली, "करंगली वाकडी हाय, त्याचीच. ये आत. पाय धू पयले."

आईने तिला बोंबलाचं कालवण वाढलं. तिने बोंबील बाजूला सारला नाही, निमूट जेवली. मग पिशवीतून एक घडी काढून माझ्यापुढे ठेवली. हिरवा घागरा, बारीक आरसे, लाल काठ. तोच, पण मोठा. "हा तुमचा हाय, मोटीबेन," ती म्हणाली. "पप्पाने एकाच दुकानातून दोन घेतलेले. जाताना मला माझं पुडकं देऊन गेले. खोललं तर हा. मी चार वर्षांची, अख्खी आत मावत होते, डोक्यासकट." मी विचारलं, "मग तुझी आई काय म्हणाली?" "मम्मीने खूप वेळ हातात धरला. मग खालून दुमडून टीप मारली. बोलली, तू वाढशील तशी उसवू." घागऱ्याच्या खालच्या अंगाला जुन्या टिपांच्या रेघा होत्या, एकीखाली एक. "तिला कळलं होतं?" मी विचारलं. "माप सांगते ने, मोटीबेन," ती म्हणाली. आईने मान हलवली, जणू वेरावळची ती बाई तिथेच पाटावर बसलीय आणि दोघींचं बोलणं आधीच झालंय.

तर असं होतं ते, बाबा. मधे अख्खा किनारा पडलेल्या दोन बायका एकाच उन्हाळ्यात एकाच चुकीने शहाण्या झाल्या. आणि चूक तरी कसली! अंधारात पाण्याच्या आवाजावरून खोली सांगायचात अशी तुमची ख्याती, आणि तुम्हाला दोन पुडकी वेगळी ठेवता आली नाहीत. एकावर पेन्सिलीने खूण केली असतीत तरी दोन्ही घरं आणखी काही वर्षं फसली असती. तुमच्या लबाडीचा मला राग आहे, पण या गबाळेपणाची लाज वाटते. लबाडी तरी माणसाने नीट करावी.

"आणि माझा कुठं हाय?" तिने विचारलं. आई म्हणाली, "तुजा कावल्यांनी नेसला." मग आईने वलांडीची सगळी हकीकत सांगितली. ऐकून ती हसायला लागली, आणि आईही हसली, पदर तोंडाला लावून. त्या घागऱ्याच्या केव्हाच चिंध्या झाल्या, पण नाडी मजबूत निघाली. ती अजून कोंबड्यांच्या खुराड्याला बांधलेली आहे. तिने जाऊन ती नाडी बघितली, हात लावून बघितली. परत येऊन म्हणाली, "मी नववीत हा मोठावाला घालून गरबा खेळले. बरोबर बसला तेव्हा. पप्पाने मला बघून हाक मारली, तर तुमचं नाव घेतलं."

पुढचं तिने सहज सांगितलं, त्यात काही विशेष आहे असं तिला वाटत नव्हतं. पावसाळ्यात बाकीचे खलाशी झाईला निघायचे तेव्हा ती विचारायची, पप्पा, तुम्ही नाय जात? "तर बोलायचे, कसा जाऊ? तुझ्या मोटीमम्मीने माझ्या पाठी झाडलं. आता माझा रस्ता बंद." फळ्यावर डावीकडे लिहायचं तुमचं कारण शेवटी मिळालं होतं, खराटा. इथे आळी आईला जे तोंडावर ऐकवत होती, तेच तुम्ही तिकडे लेकराला मांडीवर घेऊन ऐकवत होतात. दुसरं घर तुम्ही थाटलंत, ते झाकायला खोटं तुम्ही बोललात, पुडकी तुम्ही बदललीत, आणि शेवटी जाऊन लपलात कुठे, तर एका बाईच्या हातातल्या काड्यांच्या जुडीमागे. एवढा मोठा तांडेल आणि एवढीशी आडोशाची जागा. मला तुमच्या पोटी जन्मल्याची शिसारी आली. आईकडे बघायची मला हिंमत होत नव्हती. ती खरकटं गोळा करत होती. हात न थांबवता म्हणाली, "झाडून जाते तो केर गो. मानूस असता तं परत आला असता." आणि तिला म्हणाली, "तुजी पथारी पडवीत टाक."

तेव्हापासून ती पडवीत राहते. पहाटे कारखान्याला जाते, संध्याकाळी येऊन आईबरोबर वलांडीवर बसते. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती झपाझप दोरीवर टाकते, आईहूनही भराभर, आणि आई "हळू गो, दात लागतील" म्हणते. मी तिच्याशी लागेल तेवढंच बोलत होते. आळीत कुजबुज चालली होती की सवतीची पोर घरात घेतलीय, म्हातारीला भ्रम झालाय. आईला कोणी सरळ विचारत नव्हतं. सरळ विचारण्याची आपल्या आळीला सवयच नाही. आज अंधार असतानाच ती वेरावळला निघाली, उरलेलं सामान आणायला, अच्छाडहून बसने. मी फाटकापर्यंत गेले, तिची पिशवी जड होती म्हणून. रिक्षात बसण्याआधी तिने मागे वळून घराकडे बघितलं. तुमच्या नाकाने मागे वळून बघण्याची ही पहिलीच वेळ असावी.

उजाडल्यावर मी सवयीने खराटा उचलला तर आई आतून ओरडली, "ठेव तो!" येऊन माझ्या हातातून काढून घेतला आणि तेव्हापासून ती अशी बसलीय. दुपारी शेजारच्या म्हातारीची सून डोकावली. हीच ती, जिला नवी नवरी असताना आईकडे बोट दाखवून शिकवलं होतं. म्हणाली, "काय वो काकी, आज केर नाय काढला?" आई एवढ्या मोठ्याने बोलली की आळीच्या टोकाला ऐकू जावं. "आमचं मानूस गावाला गेलंय! पोचलं नाय अजून!" सून त्या पानांकडे, सालांकडे, माशांकडे बघत राहिली. मग हळूच "हां, मग बरोबर" म्हणाली आणि गेली. तिने जाऊन सगळ्यांना सांगितलं असणार, कारण त्यानंतर आपल्या फाटकावरून बायका जरा जास्तच ये-जा करायला लागल्या. आई मान ताठ करून बसली आहे. एवढ्या वर्षांत अंगण कधी इतकं घाण नव्हतं आणि आईला मी कधी इतकी खूश बघितलेली नाही.

आत्ता फोन आला. "पोचले, मोटीबेन." मी म्हटलं, "बरं." मग फोन ठेवता ठेवता म्हटलं, "लवकर ये. आई वाट बघते." आईने पाठीमागून खराटा काढून माझ्यापुढे धरलाय, म्हणजे आता उठायलाच हवं. हे कागद कुठे पाठवायचे हा प्रश्न नाही. दोन घरं करूनही तुम्हाला पत्ता एकही उरला नाही. केराबरोबर जातील.

उठण्याआधी एक सांगून टाकते, आईलाही ठाऊक नाही. त्या दिवशी ती अंगण झाडत फाटकापर्यंत गेली आणि मला ओरडली ना, आतून पण झाड म्हणून? मी केरसुणी घेतली, तिला ऐकू जावं म्हणून दोनदा जमिनीवर घासली आणि परत कोपऱ्यात ठेवून दिली. तुमच्या चटईखाली तुमच्या पायाची वाळू होती, थोडी विडीची राख होती. तुम्ही वेरावळला पोचला असाल, असं वाटेपर्यंत मी ती तशीच ठेवली. तेव्हा रस्ता बंद झाला असं तिकडे जे सांगत बसलात ते खोटं होतं, बाबा. घर झाडलेलं नव्हतं.